जॉर्जियन लिपीतील ‘अन’ हे अक्षर एक, संकेतांक मात्र चार : मोठ्या अक्षरांत रूपांतर करताच रिकामे चौकोन का येतात?

प्रश्न : अक्षरवाट

नमस्कार. वैद्यकीय शिक्षणासाठी जॉर्जियात जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना माहिती देणारे एक संकेतस्थळ मी सांभाळतो. या विद्यार्थ्यांत महाराष्ट्रातील मुलेमुली बरीच असल्यामुळे पाने मराठी, इंग्रजी आणि जॉर्जियन अशा तिन्ही भाषांत आहेत. इंग्रजी शीर्षके पूर्णपणे मोठ्या अक्षरांत दिसावीत म्हणून सीएसएसमध्ये (पानाचे दृश्य रूप ठरवणाऱ्या भाषेत) टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म या गुणधर्माची किंमत सर्वत्र ‘अपरकेस’ ठेवलेली आहे. देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरे असा भेदच नसल्याने मराठी शीर्षकांवर तिचा काही परिणाम होत नाही, आणि जॉर्जियन लिपीतही असा भेद नाही असे मी आजवर वाचत आलो आहे.

तरीही काही वाचकांच्या जुन्या फोनांवर जॉर्जियन शीर्षकांच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग दिसते, आणि त्याच पानावरचा खालचा मजकूर मात्र स्वच्छ वाचता येतो. त्यात भर म्हणजे, सर्व्हरवरील जावा या संगणकभाषेची ११ ही आवृत्ती काढून १७ ही बसवल्यापासून तेथे तयार होणाऱ्या पीडीएफ प्रमाणपत्रांतही जॉर्जियन नावांचे चौकोन झाले आहेत. नावे छापण्यापूर्वी मोठ्या अक्षरांत रूपांतरित करणारी एक ओळ तेथील आज्ञावलीत आहे, परंतु ती पूर्वीपासूनच होती.

मूळ मजकुरातील पहिल्या अक्षराचा, म्हणजे ‘अन’चा, संकेतांक ४३०४ आहे. रूपांतरानंतर तो ७३१२ होतो. (षोडशमान पद्धतीतले आकडे रोमन अक्षरांसह येतात, म्हणून येथे सगळे संकेतांक दशमान पद्धतीत देत आहे.) युनिकोडचे, म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला संकेतांक नेमून देणाऱ्या मानकाचे, तक्ते चाळले तेव्हा याच नावाचे अक्षर ४२५६ आणि ११५२० या दोन ठिकाणीही सापडले. एका अक्षराला चार संकेतांक कशासाठी? त्यांपैकी साठवणुकीसाठी कोणता धरावा? आणि ज्या लिपीत मोठी अक्षरे नाहीत असे सांगितले जाते, तिच्यात रूपांतर होतेच कसे?

उत्तर : लिपीवेडा

आपण शोधलेले चार संकेतांक म्हणजे दोन जोड्या आहेत. ४२५६ आणि ११५२० ही एक जोडी, ७३१२ आणि ४३०४ ही दुसरी. पहिली जोडी धार्मिक लेखनाची आहे आणि दुसरी आजच्या व्यवहाराची. या जोड्या एकदम ठरलेल्या नाहीत. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून २०१८ पर्यंत त्या टप्प्याटप्प्याने जुळत गेल्या, आणि आपल्याला येणारी अडचण या शेवटच्या टप्प्यातून निर्माण झालेली आहे.

जॉर्जियन भाषा तीन लिप्यांतून लिहिली गेली. सर्वांत जुनी असोमतावरुली. बेथलेहेमजवळच्या बीर अल-कुत्त येथील मठात सापडलेला तिचा लेख इसवी सन ४३० च्या सुमाराचा मानतात, आणि खुद्द जॉर्जियातील बोलनिसी येथील सियोनी चर्चवरचा लेख ४९३-९४ चा आहे. तिची सर्व अक्षरे समान उंचीची, गोलाकार आणि दगडावर कोरण्यास योग्य अशी आहेत. नवव्या शतकाच्या सुमारास हस्तलिखितांसाठी नुसखुरी ही टोकदार व किंचित कललेली लिपी प्रचारात आली, आणि मग धार्मिक ग्रंथांत मुख्य मजकूर नुसखुरीत व शीर्षके आणि आरंभाक्षरे असोमतावरुलीत अशी वाटणी रूढ झाली. या जोडीला खुत्सुरी म्हणतात. मोठ्या आणि लहान अक्षरांचा खराखुरा संबंध असलेली व्यवस्था हीच. दहाव्या-अकराव्या शतकात राजदरबारातील आणि लौकिक लेखनासाठी मखेदरुली ही तिसरी लिपी पुढे आली आणि पुढे तीच सर्वत्र रूढ झाली. आजची वृत्तपत्रे, पाठ्यपुस्तके, नोटा, दुकानांच्या पाट्या, सारे काही मखेदरुलीत असते. २०१६ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जॉर्जियन लेखनाची जी नोंद केली, ती या तिन्ही लिप्यांच्या जिवंत परंपरेची आहे.

मखेदरुलीत वाक्याचे पहिले अक्षर मोठे नसते, विशेषनामाचेही नसते. त्यामुळे आपण वाचलेले विधान एका मर्यादेपर्यंत बरोबर आहे. भाषाशास्त्रज्ञ अकाकी शानिद्झे यांनी १९५० च्या दशकात मखेदरुली मजकुरात असोमतावरुलीची अक्षरे आरंभाक्षरे म्हणून वापरून पाहिली होती, पण तो प्रघात कोणी उचलला नाही. मात्र छपाईत शीर्षकासाठी किंवा ठसठशीत मजकुरासाठी मखेदरुलीचीच अक्षरे वर-खाली जाणाऱ्या दांड्या आवरून दोन समांतर रेषांच्या मध्ये एकाच उंचीत बसवण्याची पद्धत जुनी आहे. त्या रूपाला मतावरुली म्हणतात. तिचा वापर शब्दभर, ओळभर किंवा शीर्षकभर होतो. एकच अक्षर मतावरुली आणि उरलेला शब्द मखेदरुली असे कोणी लिहीत नाही.

आता संकेतांकांकडे वळू. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून युनिकोडने असोमतावरुली ‘अन’ला ४२५६ आणि मखेदरुली ‘अन’ला ४३०४ हे क्रमांक एकाच गटात दिले. नुसखुरीला स्वतंत्र जागा नव्हती. ती हवी असल्यास मखेदरुलीचेच संकेतांक वापरून फॉन्ट बदलावा, अशी अपेक्षा होती. मराठी वाचकाला ही भूमिका परिचयाची वाटेल, कारण आपला ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असले तरी त्यांचे संकेतांक २३५४ आणि २३५८ हेच आहेत आणि वळण फॉन्टवर सोपवलेले आहे. परंतु ल-ची दोन वळणे एकाच लिपीतली आहेत, तर नुसखुरी आणि मखेदरुली या दोन लिप्या आहेत. त्यांतली एक वाचता येणाऱ्याला दुसरी वाचता येईलच असे नाही. २००५ च्या ४.१ या आवृत्तीत नुसखुरीला ११५२० पासून पुढे वेगळी जागा मिळाली आणि असोमतावरुली-नुसखुरी ही मोठ्या-लहान अक्षरांची अधिकृत जोडी ठरली, ते माझ्या मते योग्यच झाले. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या लिपीसूचीतही याच धर्तीवर खुत्सुरीला एक आणि मखेदरुली-मतावरुलीला दुसरी अशा दोन वेगळ्या संज्ञा आहेत.

मतावरुली आली जून २०१८ मधील ११.० या आवृत्तीत. ७३१२ पासून सुरू होणाऱ्या त्या गटात ४६ अक्षरे आहेत. मायकेल एव्हर्सन आणि त्यांच्या जॉर्जियन सहकाऱ्यांनी तो प्रस्ताव मांडला होता.

उत्तर : संहिता-वाचक

लिपीवेडा यांनी इतिहास सांगितला आहे, मी यंत्राच्या बाजूने लिहितो.

११.० या आवृत्तीने मखेदरुलीच्या प्रत्येक अक्षराला मोठे रूप म्हणून मतावरुलीचे अक्षर जोडून दिले. दोहोंतले अंतर ३००८ आहे, म्हणून ४३०४ चे ७३१२ होते. ज्या प्रणालीकडे ११.० किंवा त्यानंतरची माहिती आहे ती रूपांतर करते, जिच्याकडे नाही ती अक्षर जसेच्या तसे ठेवते. जावा ११ युनिकोड १०.० वर आधारलेली आहे आणि जावा १२ पासून ११.० आली, हे लक्षात घेतले की तुमची जुनी ओळ पूर्वी निरुपद्रवी का होती आणि सर्व्हर अद्ययावत केल्यावर तिचा परिणाम का दिसू लागला हे उलगडते. पीडीएफमध्ये अंतर्भूत केलेल्या फॉन्टमध्ये मखेदरुली आहे, मतावरुली नाही, म्हणून चौकोन येतात. फोनांचेही तेच : ब्राउझर नवा असल्याने तो रूपांतर करतो, पण फोनमधले फॉन्ट २०१८ पूर्वीचे असल्याने त्यांत ७३१२ चे चित्रच नसते. ब्राउझर स्वतःहून अद्ययावत होतो आणि फॉन्ट मात्र फोनच्या प्रणालीबरोबर जुना होत राहतो, ही तफावत पुष्कळांना ठाऊक नसते.

यातला सर्वांत नाजूक भाग पुढेच आहे. युनिकोडमध्ये मोठ्या रूपाबरोबर ‘शीर्षकरूप’ अशीही एक नोंद प्रत्येक अक्षराला असते. शब्दाचे केवळ पहिले अक्षर मोठे करायचे असेल तेव्हा ती वापरायची असते. लॅटिन लिपीत बहुतेक ठिकाणी मोठे रूप आणि शीर्षकरूप एकच असते, त्यामुळे आज्ञावली लिहिणाऱ्यांचे तिच्याकडे लक्ष जात नाही. मखेदरुली ‘अन’चे मोठे रूप ७३१२ आहे, पण शीर्षकरूप ४३०४ हेच, म्हणजे ते स्वतःच आहे. शब्दाचे पहिले अक्षर मतावरुलीत लिहीत नाहीत ही जॉर्जियन लेखनाची रीत या एका नोंदीत अचूक उतरली आहे, आणि मला तरी या साऱ्या संकेतनातली ही सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते. त्यामुळे सीएसएसमध्ये ‘कॅपिटलाइझ’ वापरले तर जॉर्जियन मजकूर जसाच्या तसा राहतो. पण पहिले अक्षर तोडून, त्यावर टू-अपरकेस हे मोठ्या अक्षरांत बदलणारे फलन चालवून, उरलेला शब्द पुन्हा जोडण्याची जी सवय जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांत सर्रास आढळते, ती जॉर्जियन नावाचे विद्रूप करते : एक अक्षर मतावरुली, बाकी मखेदरुली. पायथनमध्येही असेच घडत होते. ३.७ मध्ये युनिकोड ११ आले तेव्हा कॅपिटलाइझ हे फलन पहिल्या अक्षराचे मोठे रूप घेत असे, आणि ३.८ पासून ते शीर्षकरूप घेऊ लागले.

शोधासाठी अक्षरांचा लहान-मोठा भेद पुसून तुलना करतात, तेव्हा मतावरुली अक्षर मखेदरुलीत बदलून पाहिले जाते. एकदा प्रसिद्ध झालेल्या अक्षराची ही तुलनेची नोंद पुढे कधीही बदलायची नाही, असे युनिकोडचे स्थैर्याचे धोरण आहे. येथे ते सहज पाळले गेले, कारण आधी असलेली अक्षरे ‘लहान’ ठरली आणि नवी ‘मोठी’ आली. चेरोकी या अमेरिकेतील मूलनिवासी भाषेच्या लिपीत २०१५ साली याच्या उलट झाले : आधीची अक्षरे मोठी ठरली, लहान अक्षरे नंतर आली, आणि धोरण पाळण्यासाठी तुलना मोठ्या अक्षरांकडे वळवावी लागली. जॉर्जियनच्या बाबतीत तसा उलटा प्रवास करावा लागला नाही. मात्र तुमच्या डेटाबेसकडे ११.० पूर्वीची माहिती असेल तर त्याच्या दृष्टीने ४३०४ आणि ७३१२ ही परस्परांशी संबंध नसलेली दोन अक्षरे आहेत, आणि शोध निष्फळ ठरेल.

आणखी एक परिणाम सहसा नजरेतून सुटतो. ११.० पूर्वी मखेदरुलीच्या अक्षरांचा वर्ग ‘इतर अक्षर’ असा होता; आपली देवनागरी अक्षरे आजही त्याच वर्गात आहेत. ११.० मध्ये त्यांचा वर्ग ‘लहान अक्षर’ असा झाला. परवलीच्या शब्दात किमान एक लहान अक्षर असावे यासारखे नियम जर युनिकोडच्या वर्गांवर आधारलेले असतील, तर त्यांचे उत्तर जॉर्जियन मजकुरासाठी २०१८ च्या आधी एक आणि नंतर दुसरे येते. स्मॉल-कॅप्सची (लहान आकारातल्या मोठ्या अक्षरांची) नक्कल करणारा ब्राउझरही आता जॉर्जियन मजकूर मतावरुलीत बदलून लहान आकारात दाखवू शकतो.

जावाच्या मूळ संहितेत लहान-मोठा भेद न पाळता दोन शब्दांची तुलना करणाऱ्या भागापाशी एक जुनी टीप आहे. जॉर्जियन लिपीचे रूपांतराचे नियम विचित्र असल्याने केवळ मोठ्या अक्षरांत बदलून तुलना पुरेशी ठरत नाही, म्हणून शेवटी लहान अक्षरांतही एकदा ताडून पाहावे, असा तिचा आशय आहे. ती मतावरुलीच्या कितीतरी आधीची आहे. त्या काळी असोमतावरुलीपासून मखेदरुलीकडे जाणारी वाट होती, परतीची नव्हती. नुसखुरीला स्वतःची जागा मिळाल्यावर ते प्रकरण मिटले, टीप मात्र राहिली.

आता उपाय. साठवणूक नेहमी ४३०४ पासून सुरू होणाऱ्या मखेदरुलीत करावी. मतावरुली हा दाखवण्याच्या वेळचा निर्णय समजावा. सीएसएसमध्ये ज्या घटकांची भाषा जॉर्जियन म्हणून नोंदवलेली आहे त्यांच्यासाठी टेक्स्ट-ट्रान्सफॉर्मची किंमत ‘नन’ करावी. हे जमण्यासाठी पानावर प्रत्येक तुकड्याची भाषा नोंदवलेली असणे आवश्यक आहे, आणि ती बहुतेक ठिकाणी नसते. प्रमाणपत्रांच्या आज्ञावलीत जॉर्जियन नावे रूपांतरातून वगळावीत. शीर्षके मतावरुलीतच हवी असतील तर नोटो सान्स जॉर्जियनसारखा तो गट असलेला फॉन्ट पानाबरोबर पाठवावा. फॉन्टचा आकार कमी करण्यासाठी तो कापून घेतला असेल तर ४३०४ ते ४३३६ एवढाच पट्टा ठेवून चालणार नाही, ७३१२ ते ७३४४ हाही लागेल. आकाराची वाढ किरकोळ आहे. यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत चारही ‘अन’ प्रत्येकी तीनच बाइट घेतात, त्यामुळे रूपांतराने मजकुराची लांबी बदलत नाही, एवढी एक चिंता कमी.

उत्तर : मत्क्वरीकाठचा

मी तिबिलिसीत राहतो आणि येथील मुद्रकांबरोबर काम करतो. संहिता-वाचक यांचा उपाय योग्य आहे, परंतु मतावरुलीला वेगळे संकेतांक देणेच मुळात आवश्यक होते का, याबद्दल माझे मत त्यांच्याइतके अनुकूल नाही.

येथे मतावरुली सर्वत्र दिसते : दुकानांच्या पाट्या, वृत्तवाहिन्यांच्या पट्ट्या, पुस्तकांची मुखपृष्ठे. २०१८ पूर्वी हे सारे फॉन्टच्या बळावर चालत असे. बीपीजी निनो मतावरुली हा येथील संकेतस्थळांवर अतिशय लोकप्रिय झालेला फॉन्ट घ्या. त्यात ४३०४ याच संकेतांकाखाली मतावरुलीचे चित्र ठेवलेले आहे. मजकूर मखेदरुली, डोळ्यांना दिसते मतावरुली. (या बीपीजी मालिकेचे कर्ते बेसारियोन गुगुश्विली हे १९९१-९२ मध्ये जॉर्जियाचे पंतप्रधान होते. पंतप्रधानपदावरून फॉन्टनिर्मितीकडे वळलेले दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.) काही फॉन्टमध्ये ओपनटाइप या फॉन्ट-स्वरूपातील ‘केस’ या सुविधेतून एकाच फॉन्टमधून दोन्ही रूपे मिळत. शोध बिघडत नसे, चौकोन येत नसत, आणि शीर्षक उचलून दुसरीकडे चिकटवले तर ते साध्या मखेदरुलीत उतरत असे. वळणाचा प्रश्न वळणाच्याच पातळीवर सुटलेला असताना तो संकेतांकांच्या पातळीवर नेल्याने जगभरच्या आज्ञावल्यांत एक नवा अपवाद निर्माण झाला, असे मला वाटते.

याच्या विरुद्ध बाजूने सांगण्यासारखेही आहे, हे मान्य करतो. युनिकोडपूर्व काळातील अकादनुस्ख यासारखे फॉन्ट लॅटिन अक्षरांच्या जागी जॉर्जियन चित्रे बसवत. आपल्याकडच्या शिवाजी फॉन्टमधला जुना मजकूर आज उघडला तर जे होते तेच त्या फायलींचे होते. त्यातली गंमत अशी की जॉर्जियनमध्ये ३३ अक्षरे आणि इंग्रजी कळा २६, म्हणून उरलेली अक्षरे शिफ्टसह बसवलेली होती : लहान ‘टी’वर एक त-कार, मोठ्या ‘टी’वर दुसरा; लहान ‘एस’वर स, मोठ्या ‘एस’वर श. अशा मजकुरावर कोणी मोठ्या अक्षरांचे रूपांतर चालवले तर प्रत्येक ‘स’चा ‘श’ होत असे, म्हणजे शब्दच बदलत असे. त्याच मालिकेत मतावरुलीसाठी अकादमतावर हा वेगळा फॉन्ट होता. अशा फायली अजूनही हाती येतात, आणि त्यांच्याशी तुलना करता रिकामा चौकोन हा प्रामाणिक दोष म्हणावा लागेल, कारण तो निदान चुकीचे अक्षर दाखवत नाही.

प्रमाणपत्रांविषयी एक सूचना. नाव मतावरुलीत छापायचे की मखेदरुलीत, हे संबंधित कार्यालयाला विचारूनच ठरवा. इंग्रजी नाव मोठ्या अक्षरांत आहे म्हणून जॉर्जियन नावही तसे असायला हवे, असा कोणताही संकेत येथे नाही.

उत्तर : संहिता-वाचक

मत्क्वरीकाठचा यांच्या आक्षेपात तथ्य आहे, पण फॉन्टने प्रश्न सुटतो तो फॉन्ट निवडता येतो तेथेच. ई-मेलचा विषय, फायलीचे नाव, डेटाबेसातील शीर्षकाचा रकाना येथे फॉन्ट पाठवता येत नाही. जुन्या छापील पुस्तकाचे संगणकीकरण करताना मुद्रकाने मतावरुलीत घातलेला शब्द तसाच टिकवायचा असेल, तर तो साध्या मजकुरात टिकवण्याचा मार्ग २०१८ पूर्वी नव्हता. आणि एकदा वेगळे संकेतांक द्यायचे ठरल्यावर त्यांची मोठ्या-लहान अक्षरांची जोडी न लावता दोन्ही सुटी ठेवली असती, तर शोध कायमचा बिघडला असता, कारण दोन्ही अक्षरे आधीच प्रसिद्ध झालेली असताना त्यांची जोडी नंतर लावायला ते स्थैर्याचे धोरण परवानगी देत नाही. जोडी लावायची तर ती पहिल्याच दिवशी लावणे भाग होते. अपवाद निर्माण झाला हे खरे. तो याहून लहान करता आला असता असे मला दिसत नाही.

संकेतस्थळांच्या पत्त्यांत (डोमेन नेम) हीच जोडी उपयोगी पडते. जॉर्जियाचा स्वतःच्या लिपीतला देशसंकेत दोन अक्षरी आहे. कोणी तो मतावरुलीत टंकला तरी भेद पुसून तो मखेदरुलीत आणला जातो आणि पत्ता सापडतो. त्याचे लॅटिन सांकेतिक रूप काढले तर ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांच्या पुढे चक्क ‘नोड’ हा इंग्रजी शब्द निघतो. निव्वळ योगायोग, पण संगणकाच्या माणसाला आवडावा असा.

प्रश्नकर्त्याचा पुढील प्रश्न : अक्षरवाट

सर्वांचे आभार. जॉर्जियन भाषेची नोंद असलेल्या घटकांवरील रूपांतर काढले, प्रमाणपत्रांतील नावेही वगळली, आणि चौकोन नाहीसे झाले. आता एकच बाब उरली आहे. संस्थांच्या सूचीत काही नावे पूर्वी कोणीतरी मतावरुलीत भरून ठेवली आहेत. सूची वर्णक्रमाने लावली की ती सगळी तळाशी जातात. शिवाय जुन्या चर्चसंबंधीच्या एका पानावर शिलालेखांतली नावे आहेत. त्यांतली काही अक्षरे आजच्या वर्णमालेच्या बाहेरची आहेत, आणि तीही क्रमात ‘झ’च्या आसपास येण्याऐवजी शेवटी येतात. दोन्हींचे कारण एकच आहे का?

उत्तर : लिपीवेडा

कारण एकच आहे : आपली सूची संकेतांकांच्या संख्येने लागते आहे, वर्णक्रमाने नाही. मतावरुली ७३१२ पासून सुरू होते आणि मखेदरुलीची आजची ३३ अक्षरे ४३३६ ला संपतात, त्यामुळे मतावरुलीतील कोणतेही नाव मखेदरुलीतील शेवटच्या नावाच्याही खालीच जाणार. युनिकोडच्या क्रमनियमांप्रमाणे लावणी केली तर दोन्ही ‘अन’ एकाच जागी धरली जातात आणि त्यांच्यातला फरक अगदी शेवटी, बाकी सर्व समान असेल तेव्हाच, विचारात घेतला जातो. आयसीयू या युनिकोड हाताळणाऱ्या आज्ञावलींच्या संचात ही सोय आहे, आणि बहुतेक डेटाबेसांना ते नियम वापरायला सांगता येते. तरीही मतावरुलीत भरलेली ती नावे एकदाच मखेदरुलीत बदलून घेणे अधिक श्रेयस्कर.

जुन्या अक्षरांची कथा थोडी वेगळी आहे. जॉर्जियन वर्णमालेत पूर्वी ३८ अक्षरे होती. १८७९ मध्ये इलिया चावचावाद्झे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या साक्षरता-प्रसारक मंडळीने त्यांतली पाच अनावश्यक म्हणून वगळली आणि ३३ ठेवली. युनिकोडने मखेदरुलीचा गट रचताना आधी आजची ३३ अक्षरे सलग घेतली आणि ही पाच त्यांच्यापुढे ४३३७ ते ४३४१ अशी मांडली. त्यांतले पहिले ‘हे’. जुन्या क्रमात त्याचे स्थान आठवे, ‘झेन’ आणि ‘थान’ यांच्या मध्ये. युनिकोडचे क्रमनियम त्याला तेथेच नेऊन बसवतात, नुसता संकेतांक मात्र त्याला आजच्या शेवटच्या अक्षराच्याही मागे ढकलतो.

हे अक्षर पूर्णपणे मृत समजू नये. जॉर्जियन अक्षरांना संख्यामूल्येही असतात : ‘अन’ म्हणजे १, ‘झेन’ म्हणजे ७, ‘थान’ म्हणजे ९, आणि मधला ८ या वगळलेल्या ‘हे’चा. वगळलेल्यांपैकी दुसऱ्याचे मूल्य ६०, चौथ्याचे ७००० आणि पाचव्याचे १०,००० आहे. जॉर्जियातीलच स्वान ही भाषा लिहिताना त्यांतली काही आजही लागतात. म्हणून फॉन्ट कापताना ४३३६ वर कात्री चालवू नका. आपल्या चर्चच्या पानावर एखाद्या लेखाचे वर्ष अक्षरांत दिलेले असेल आणि त्यात ८ असेल, तर तेथे पुन्हा चौकोन येईल. ती नावे मूळ असोमतावरुलीत द्यायची असतील तर ४२५६ पासूनचा पट्टाही फॉन्टमध्ये ठेवा. त्यातही पाचही जुनी अक्षरे धरून ३८ अक्षरे सलग आहेत.